कारीगराची मुलगी घर बघते

घर दाखवणारा माणूस दार उघडून "या, या" म्हणायचा, तेव्हा ती आत शिरायचीच नाही. आधी जिन्याखाली जाऊन वाकायची, मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकायची आणि विचारायची, "रेघ कुठंय?"

रेघ म्हणजे पुराच्या पाण्याची. सुरतेत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तापी फुगली किंवा खाडी भरली की पाणी जिथवर चढतं तिथं मातकट खूण राहते, आणि वरून कितीही रंग मारला तरी ओल तिला पुन्हा वर आणते. दलाल म्हणायचे, "आपल्याकडे पाणी येतच नाही, बेन." ही नखानं रंगाचा पोपडा उचकटून त्यांच्या तळहातावर ठेवायची. "मग हे काय, प्रसाद?"

ती माझी जुनी विद्यार्थिनी. डिंडोलीतल्या मराठी शाळेत मी तिला सातवीला शिकवलं होतं. वर्गातही अशीच. दुसऱ्याची खोडी हिच्या नावावर गेली, तर दोन दिवस डबा खायची नाही. आता ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील अमळनेरकडचे. तीस वर्षं यंत्रमागावर कारीगर म्हणून काढली आणि मागांच्या खडखडाटात कान गमावले. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. गावाकडचं शेत विकल्यावर वडिलांनी हिला समोर बसवून सांगितलं, "तू शिकेल शे. घर तूच दखी ले."

कॉलेजातल्या बाकीच्या मुली सुट्टीत डुमसच्या समुद्रावर जायच्या. ही सुरतेचे मोहल्ले पालथे घालायची. माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून मी बरोबर.

पर्वत पाटिया भागात एका दलालानं पूर्ण अर्धा तास माझ्याशीच बोलून घेतलं. तिच्याकडे बघितलंही नाही. शेवटी म्हणाला, "छोकरीचे पप्पा कधी येणार?"

"आज पप्पा मीच आहे," ती म्हणाली. "गॅलरीच्या खाली नाला आहे, तो आधी सांगायचा होता की नंतर?"

मी हसले. ती हसली नाही. चिडली की तिच्या कपाळाची एक शीर उभी राहायची आणि ती बराच वेळ तशीच राहायची. दलालांवर तिचा विश्वास नव्हता. ती नळावरच्या बायकांना विचारायची. पहाटे सहाला रिक्षा मिळते का? मुलगी संध्याकाळी एकटी चालत येऊ शकते का? माग इथून किती लांब? तिची एकच अट होती. घरात मागांचा आवाज यायला नको. "पप्पांना तो ऐकू येत नाही गं," मी एकदा म्हटलं. "जमीन हलते बाई. ते झोपेतही दचकतात," ती म्हणाली.

मग नदीपलीकडची ती सोसायटी सापडली. रुंद रस्ता, कडुनिंबाची झाडं, आणि जिन्याखाली खरोखरच रेघ नव्हती. पहिल्यांदाच मी तिला भिंतीवरून प्रेमानं हात फिरवताना पाहिलं. ऑफिसातल्या माणसानं गोड आवाजात चौकशी केली. राहता कुठे, वडील काय करतात? तिनं खरं ते सांगितलं. तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "बेन, हे सगळे फ्लॅट बुक झालेत."

खाली आल्यावर ती म्हणाली, "खोटं बोलला. बाई, उद्या तुम्ही जा. एकट्या."

मी गेले. शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी नोकरीत. तोच माणूस, तीच खुर्ची. तीन फ्लॅट रिकामे होते. त्यानं चहा मागवला आणि पुढे झुकून, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "मॅडम, इथे कारीगर लोकांना आम्ही देत नाही. तुमच्यासारखीच फॅमिली आहे सगळी."

मी काय केलं? तुम्हाला वाटेल, उठले असेन, सुनावलं असेल. मी मान डोलावली. चहा प्यायले. किल्ली घेऊन फ्लॅट बघूनही आले.

तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिनं एकच विचारलं, "चहा प्यालात तुम्ही?"

त्या प्रश्नाचा राग मला आला. आधी तिचा, मग त्या माणसाचा, आणि घरी पोचेपर्यंत माझा स्वतःचा. तो अजून गेलेला नाही.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन तिथे गेली. मीही गेले, कारण नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिसात आणखी चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. ती नर्सिंगच्या गणवेशात टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "परवा या बाईंना तीन फ्लॅट रिकामे आहेत म्हणालात. आम्हाला का नाही, ते सांगा."

तो हळूच काहीतरी पुटपुटला. ओठ फक्त हलले.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "माझ्या पप्पांना ऐकू येत नाही. तुम्ही नेसता ती साडी विणून विणून गेलेत त्यांचे कान. ओरडून सांगा."

साडी तो कशाला नेसेल? पण कुणी हसलं नाही. तो माणूस शेजारच्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिला. त्याला ओरडता येईना. चहाच्या मिषानं कानात सांगायची गोष्ट चार लोकांत ओरडून सांगता येत नाही. "सांगा ना," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. गिऱ्हाइकांतली एक बाई उठली, पर्स उचलली आणि नवऱ्याला घेऊन बाहेर पडली. तेवढंच. बाकीचे बसून राहिले.

बाहेर वडिलांनी हातानंच विचारलं, काय झालं? ती त्यांच्या कानाशी ओरडली, "लिफ्ट बंद राहते इथली! नको आपल्याला!"

घर शेवटी तिनं डिंडोलीतच घेतलं. जोडघर होतं, मागांपासून लांब. शेजारच्या म्हातारीनं तिला आपणहून सांगितलं होतं, "पाणी घोट्यापर्यंत येतं, एक दिवस राहतं." खरं बोलणारा शेजार मिळाला, म्हणून तिनं ते घेतलं.

वास्तुशांतीच्या दिवशी मी गेले तर ती नव्हती. दवाखान्यातली ड्यूटी बदलून मिळाली नव्हती. त्यानंतरही माझी तिची भेट अशी झाली नाही. शिक्षण संपल्यावर ती नोकरीला अहमदाबादला गेली. मला फोन करत नाही, आणि मला कारण ठाऊक आहे.

त्या दिवशी वडिलांनीच घर दाखवलं. मागची खोली, तिच्या पुस्तकांचं कपाट, उन्हाची खिडकी. मग तिची आई स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून त्यांनी मला विचारलं, "बाई, तो मानूस काय बोलना व्हता?"

मी मोठ्यानं म्हटलं, "लिफ्ट बंद होती!"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग सावकाश हसले. म्हणाले, मागावर कुणाचा आवाज कुणाला येतो बाई? तीस वर्षं आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोललो. त्या माणसाचेही दिसले.

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

"तिले सांगू नका," ते म्हणाले. "तिन्हापुढे मी बहिराच बरा."