तिथ्यांची फाइल

आमच्या गावच्या देवळात दर घराचा वर्षातून एक अभिषेक ठरलेला असतो, तोही तारखेवर नव्हे, तिथीवर. तिथीवरून तारीख काढून घरोघर कार्ड पाठवायचं काम माझ्या थोरल्या भावानं, दादानं, देवळातल्या संगणकावर बसवलं होतं. गोवा घटक राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डिचोलीच्या आसपासच्या गावांत संगणकाचं अजून अप्रूप होतं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ते छापील कार्ड दाखवायची. मग दादा काविळीनं गेला.

बाराव्याला आई हट्टाला पेटली. त्याच्या वापरातली एकही वस्तू घरात नको. कपडे गेले, छत्री गेली, आणि घरातला त्याचा स्वतःचा संगणक मयेच्या एका शाळेला गेला. शाळेनं तो पुसून कोरा केला. तेव्हा त्याचं कोणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

पावसाळ्यात देवळातला संगणक विजेनं जळाला. नवा आणला, दादानं देवळात देऊन ठेवलेल्या सीडीवरून त्याचा प्रोग्राम त्यावर चढवला, पण तो काही केल्या चालेना. मी डिचोलीत एका कचेरीत हेच काम करायचो, म्हणून मला बोलावलं. पाहतो तर तिथीचं सगळं गणित दादानं वेगळ्या फाइलीत लिहिलेलं, आणि सीडीवर ती फाइलच नाही. पडद्यावरच्या यादीत तिच्या नावासमोर ती हवी असल्याची खूण होती आणि पुढे 'मिसिंग', म्हणजे सापडत नाही, असं येत होतं. ती एक नाही म्हणून बाकीचंही अडलेलं. आजची तारीख काय, एवढंसुद्धा त्या प्रोग्रामला सांगता येईना. मला दादाचा भयंकर राग आला. एवढा हुशार माणूस, फाइल सीडीवर टाकायला काय झालं होतं?

फाइल दादाच्या संगणकावर असेल म्हणून शाळेत जाऊन आलो. त्याच्या संगणकावर मुलं चित्रं रंगवत होती. दादाच्या हातचं म्हणून हा प्रोग्राम एवढाच उरला होता आणि मला तो कसंही करून पुरा वाचवायचा होता. खूण काढली तर तिथीचं गणित सोडून बाकीचं चालेल, असं मी देवळात सांगितलं.

"ती खूण काडून उडय रे बाबा," देवळाचे खजिनदार म्हणाले. "तारखो आमी पंचांग पळोवन घालूं. काम चलूंक जाय."

तारखा पंचांगात पाहून घालता येणार होत्या आणि काम चालायला हवं होतं; त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्या नावासमोरची खूण काढली. प्रोग्राम लगेच सुरू झाला, जसं काही घडलंच नव्हतं. मला रडू आलं.

आरतीला आलेली आई दारात बसून ऐकत होती.

"चलता न्हय रे आतां?"

"चलता."

"आनी ताची ती फायल?"

"मेळूंक ना."

ती उठून माझ्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "ताच्या काँप्युटरार आसली काय रे? आमी दिलो त्या?"

"ना गे आई," मी म्हटलं. "थंयय पळयलें हांवें. थंय नाशिल्लीच." पुसलेल्या संगणकात पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं, पण तिथंही पाहिलं आणि तिथं ती नव्हतीच, असं मी सांगून टाकलं.

तिनं पदरानं चष्मा पुसला आणि भटजींकडून पंचांग मागून घेतलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.