अर्थ न सांगता वाचलेली कविता

वडगावच्या एका वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही बायका कविता वाचायला जमतो. एकीने कविता वाचायची आणि मग तिचा अर्थ सांगायचा, असा रिवाज. बहुतेकजणी शिकलेल्या, कोणी बँकेत, कोणी शाळेत. पण अर्थ सांगायची वेळ आली की सगळ्या पुन्हा दहावीच्या बाकावर जाऊन बसतात. ‘कवीला येथे असे म्हणायचे आहे की’ असं म्हटल्याशिवाय एकीचीही गाडी पुढे सरकत नाही. मी सोमाटण्याजवळच्या गावातून रिक्षाने जाते. भातशेती करते, शाळा नववीत सुटली. सुरुवातीचे काही महिने मी नुसती ऐकत बसले, आणि मला ते फार आवडलं.

मग माझी पाळी आली. आमचे मालक जेवताना हसले, म्हणाले, भाताचं बोल, कवितेतलं तुला काय कळतंय. मला टोमणा सहन होत नाही. अर्थ सांगता आला नाही तर वाचनालयाची पायरी परत चढणार नाही, असं मी ताडकन बोलून गेले. बोलल्यावर पस्तावले, कारण ती शनिवारची दुपार मला मनापासून हवी होती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी निव्वळ माझं होतं.

कविता मीच निवडली, तीही अवघड. तिच्यात एक बाई रोज संध्याकाळी अंगणात रिकामी खुर्ची ठेवते, अंधार लांबून चालत येतो, दमत असेल म्हणून. एके सकाळी ती खुर्ची नदीपलीकडे दिसते. बस्स. कोणी नेली, का नेली, काही नाही. भाकरी थापताना, धार काढताना माझं डोकं त्यातच. अंधार म्हणजे मरण म्हणावं, तर खुर्ची जुळेना. अंधार म्हणजे नवरा म्हणावं, तर नदी आडवी येई. पण गंमत अशी, की अर्थ हाती लागला नाही तरी खुर्ची ठेवायच्या ओळीशी आले की दर वेळी माझा श्वास अडायचा.

शनिवारी वाचली. भरभर, एका दमात. संपली तेव्हा गट चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाईंनी नेहमीसारखं सांगितलं, हं, आता अर्थ सांगा. मी ‘कवीला येथे’ एवढं म्हटलं आणि पुढचं खोटं तोंडातून निघेना. जायचंच असेल तर खरं बोलून जाऊ, असं मनाशी ठरवलं आणि शुद्ध बोलायचा नादही सोडून दिला.

“न्हाई कळली मला, बाई. पण आमी भात लावताना भलरी म्हणतो, त्या गाण्यातले निम्मे शब्द कुणालाच कळत न्हाईत. तरी हात भराभरा चालत्यात. ही कविता मला तशीच लागलीय. परत वाचू का?”

कोणी हसलं नाही. बाई वाचा म्हणाल्या. या वेळी मी घाई केली नाही. खुर्चीच्या ओळीशी थांबून वर पाहिलं, तर बँकेतली ताई डोळे मिटून बसली होती. संपल्यावर तिनेच सांगून टाकलं, की गेल्या महिन्यात वाचलेली कविता तिलाही कळली नव्हती, अर्थ मोबाइलवर शोधून आणला होता. मग एकेकीचं तसंच निघायला लागलं. त्या दुपारी अर्थ कोणीच सांगितला नाही आणि उठायला नेहमीपेक्षा उशीर झाला. परतताना रिक्षात मी ताठ बसले होते. मला माझाच अभिमान वाटत होता, उगाच विनय कशाला दाखवू.

घरी मालकांनी दारातच गाठलं. सांगितला का अर्थ? मी म्हटलं, नाही सांगितला. मग आता जाणं बंद का, त्यांनी हसू दाबत विचारलं. म्हटलं, दर महिन्याला जाणार, माझा शब्द मीच मोडला असं खुशाल गावभर सांगा. थोड्या वेळाने चहा पिताना, माझ्याकडे न बघता, वाच बघू ती, म्हणाले.

मी ओट्याला टेकून वाचली. त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

“खुर्ची तर गेली नदीपल्याड,” शेवटी ते म्हणाले. “मंग आता अंधार आला तर बसंल कुटं?”