आधी पडलेली टाळी

आमच्या काकाला फुटबॉलच्या मैदानावर सगळे शंकासुर म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तरुणपणापासून तो एकाच क्लबच्या मागे वेडा आहे. घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवत नाही, आणि प्रत्येक मॅचहून परत येताना सांगतो, की आजचा निकाल आधीच ठरला होता. हरलो तर आपल्यांनी मॅच विकली, जिंकलो तर समोरच्यांनी विकली, बरोबरी झाली तर दोघांनी मिळून विकली. मग जातोस कशाला, असं विचारलं की म्हणतो, लक्ष ठेवायला कुणी नको का?

आमचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट. एक फळी, किल्ली कापायचं यंत्र, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, सगळीकडे पितळेचा कीस आणि दोन स्टुलं. एका स्टुलावर काका, दुसऱ्यावर माझे बाबा बसायचे. बाबा गेल्यापासून मी बसते. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडून काकाचा कुठल्याच दारावर विश्वास उरलेला नाही. दूधवाला, डॉक्टर, हवामानाचा अंदाज आणि मला सांगून आलेली सगळी स्थळं यांच्याकडे तो एक डोळा मिटून बघतो, किल्ली उजेडात धरून तपासावी तसा. माझं लग्न अजून का झालेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

यंत्रावर बसवताना त्याने मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. नक्कल करताना मूळ किल्लीवर शहाणपणा करायचा नाही. दात झिजलेला असेल तर झिजलेलाच कापायचा, कारण कुलपाला तीच सवय झालेली असते. सुधारायला गेलं की किल्ली दिसते छान, पण उघडत काही नाही.

तर फुटबॉल. एखादा खेळाडू गुडघा धरून लोळायला लागला की काका शेजाऱ्यांना सांगायचा, कॅमेरा वळू दे, आत्ता उठेल. कॅमेरा वळायचा आणि तो हरणासारखा पळायचा. एका कर्णधाराने गोल केल्यावर छातीवरच्या क्लबच्या चिन्हाचं चुंबन घेतलं, तेव्हा अख्खा स्टँड रडला. बाबाही रडले. पुढच्या हंगामात त्याच माणसाने त्याच ओठांनी दुसऱ्या क्लबच्या चिन्हाचं चुंबन घेतलं. काकाने दुकानातलं त्याचं पोस्टर काढलं आणि कीस पडायच्या खणात कागद म्हणून अंथरलं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं म्हणून तो कामाला लागला.

एका गोष्टीवर मात्र त्याने कधीही शंका घेतली नाही. गोलमागचा आमचा स्टँड. मैदानात काय नाटक करायचं ते करा, आमचा आवाज तर खरा आहे ना, असं तो म्हणायचा. आणि त्या आवाजाचा मालक तोच होता. आपल्या क्लबला कॉर्नर मिळाला की काका उभा राहून हाळी द्यायचा, "आहेत काऽऽ?" मग सगळा स्टँड दोन टाळ्या वाजवायचा. मग एकदम शांतता, श्वास धरल्यासारखी. मग तिसरी टाळी, आणि हजारो गळ्यांतून एकच "आहोत!" त्या मधल्या शांततेला समोरचा गोलकीपर घाबरतो, असा काकाचा दावा होता.

ती शांतता बाबांना झेपायची नाही. त्यांची तिसरी टाळी हमखास आधी पडायची, आणि मग स्वतःचंच त्यांना हसू यायचं. बाबांना थांबणं म्हणून कधी जमलंच नाही. लग्नाला मांडव घालणाऱ्यांबरोबर पोहोचायचे, चहा जीभ भाजून प्यायचे. गेले तेही तसेच, कुणाची तयारी व्हायच्या आत.

ते असताना एका हंगामात क्लबची माणसं लांब दांड्यांना माइक लावून स्टँडमध्ये आली होती. चाहत्यांवर फिल्म करतोय म्हणाली. काकाने जीव तोडून हाळी दिली. बाबांची टाळी आधी पडली, बाबा हसले, माइकवाल्यांनी अंगठा दाखवला. ती फिल्म कुणी कधी पाहिली नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीत किडे शोधणाऱ्या काकाने फिल्मचं काय झालं, हे मात्र विचारलं नाही.

बाबांनंतर स्टँड हळूहळू विरळ होत गेला. जुनी माणसं पाठ टेकायच्या खुर्च्यांकडे सरकली. पण काका अभिमानाने सांगायचा, की माणसं कमी झाली तरी आवाज तसूभर कमी झालेला नाही.

या हिवाळ्यात त्याचा घसा बसला. काही आठवडे एक शब्दही मोठ्याने बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि त्याने चक्क ऐकलं, कारण आवाज मैदानासाठी हवा होता. गळ्याला मफलर गुंडाळून, तोंड शिवून तो मॅचला गेला. मॅच संपायच्या आतच परत आला. स्टुलावर बसला आणि यंत्राकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याच्या हाळीवाचून स्टँड मुका राहिला म्हणून वाईट वाटतंय.

"मी ओरडलो," तो कुजबुजला. "तोंड मिटलेलं होतं माझं, आणि मी ओरडलो."

मग तुटक तुटक त्याने सांगितलं. कॉर्नर मिळाला. हाळी द्यायला कुणी नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरच्या खांबावर लावलेल्या स्पीकरमधून त्याचाच आवाज आला, तरणाताठा. आहेत का. दोन टाळ्या. मग शांतता, आणि त्या शांततेत एक टाळी, आधी पडलेली.

"दादा हसला गं," काका म्हणाला.

इतकी वर्षं स्पीकर वाजत होता आणि त्याला पत्ता नव्हता, कारण नेमक्या त्याच क्षणी तो स्वतः ओरडत असायचा, आणि मधल्या शांततेतही त्याच्या कानांत स्वतःचीच हाळी घुमत असायची. त्याच्याच आवाजाखाली त्याचा आवाज लपवला होता. रेफरीवर शंका घेतली, कर्णधारावर घेतली, निकालावर घेतली, आणि खोटा निघालो मी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण कोण, तर काका.

मला संताप आला. पण खरं सांगते, संतापाच्या आधी आनंद झाला होता. बाबांचे फोटो आहेत आमच्याकडे, आवाज नाही. चेहरा रोज भिंतीवर दिसतो. हसणं कसं होतं ते आठवायला गेलं की अलीकडे नीट हाताला लागत नाही. आणि ते हसणं कुठल्यातरी मशीनमध्ये जसंच्या तसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही क्लबच्या ऑफिसात गेलो. आवाजाचं काम बघणारा माणूस फार नम्र होता. त्याने आम्हाला मऊ खुर्च्यांवर बसवलं आणि सांगितलं, की तसं काही नाही, अनेक मैदानांवरचे आवाज एकत्र केलेले असतात, तुमचा भास असेल. मी काकाकडे पाहिलं. शंकासुराला आज कुणीतरी शंका घेतो म्हणून हिणवत होतं. तेव्हा काकाने कुजबुजत पुरावा दिला. दोन टाळ्यांनंतर एक टाळी चुकलीय, म्हणाला. माझ्या भावाची. आणि नंतर तो हसलाय.

त्या माणसाने हेडफोन लावले, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला. अरे हो, आहे खरी, म्हणाला. आमच्या कधी लक्षातच आलं नाही. पकडला गेल्याची लाज नावाला नव्हती. स्टँड रिकामा असतो, टीव्हीवर आवाज लागतो, खेळाडूंना जोर येतो, सगळेच करतात, असं त्याने आम्हाला समजावून दिलं. आम्हाला विचारलं का नाही, एवढंच काकाने विचारलं. तुम्हाला आवडेलच असं वाटलं, असं उत्तर आलं.

मग त्याने हेडफोन माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत. त्या गालिच्यावर, त्या माणसासमोर मला बापाचं हसणं ऐकायचं नव्हतं. ऐकायचं तर मैदानात, बाबा जिथे उभे राहायचे त्या पायरीवर. त्याने आम्हाला पुढच्या मॅचचे दोन पास दिले आणि दारापर्यंत सोडायला आला.

परत येताना काकाचं डोकं भणभणत होतं. तक्रार करून, बोंब मारून हे बंद पाडायचं, तर दादाचं हसणंही बंद. चालू द्यायचं, तर खोटं चालू द्यायचं. एवढ्या खोट्यात आपला एकच खरा माणूस अडकलाय, असं तो म्हणाला. शेवटी ठरलं, की आधी मी ऐकायचं आणि मग काकाने क्लब डोक्यावर घ्यायचा.

मॅचच्या दिवशी मी बाबांच्या पायरीवर उभी राहिले. काकाचा घसा अजून सुटला नव्हता. खेळाकडे आमचं लक्षच नव्हतं. कॉर्नर मिळाला आणि डोक्यावरून काकाचा तरुण आवाज आला. दोन टाळ्या झाल्या. मग शांतता.

शांतता स्वच्छ होती. धुऊन वाळत घातल्यासारखी. तिसरी टाळी नेमकी वेळेवर पडली आणि स्पीकर गरजला, आहोत.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुढच्या कॉर्नरला कान टवकारून ऐकलं. तसंच. काकाने माझ्याकडे पाहिलं नाही.

मध्यंतरात तो आवाजवाला आम्हाला शोधत आला. खूश होता.

"ऐकलंत? साफ करून घेतलं. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर ती चूक तशीच राहिली असती."

आधीचं कुठे आहे, मी विचारलं.

"त्याच्यावरच सेव्ह केलं. खराब झालेलं कशाला ठेवायचं?"

काकाने त्याला किल्लीची गोष्ट सांगितली. दात झिजलेला असेल तर झिजलेलाच कापायचा, सरळ केला की कुलूप उघडत नाही. त्या माणसाला ती म्हण वाटली असावी. वा, म्हणाला, आणि काकाच्या खांद्यावर थोपटून गेला. त्याने वाईट हेतूने काही केलं असतं तर निदान आम्हाला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मध्यंतरानंतर पुन्हा कॉर्नर मिळाला. हाळी आली, दोन टाळ्या झाल्या, आणि त्या स्वच्छ शांततेत काकाने एकट्याने टाळी वाजवली. पुढच्या पायरीवरचा माणूस वळून हसत म्हणाला, "आजोबा, घाई झाली." काकाने त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वरून सगळ्यांचा जुना आवाज कोसळला, त्यात त्याचाही होता, आणि काका काय म्हणाला ते शेजारी असून मलाही ऐकू आलं नाही.

आम्ही मॅच सोडून निघालो. फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "पुरावा मीच दिला. नसतो बोललो, तर राहिला असता दादा तिथे."

दुकानाशी आलो. त्याने कुलूप काढलं, दिवा लावला. बाबांच्या स्टुलावर बसून मी त्याला विचारलं, की तू ऐकलंस ना, मग एकदा मला करून दाखव, बाबा कसे हसले होते ते.

काकाने तोंड उघडलं. प्रयत्न करणार होता, मला दिसलं. मग जन्मभर किल्ल्यांच्या नकला करणाऱ्या माझ्या काकाने मान हलवली.

"नाही गं," तो म्हणाला. "तेवढी नक्कल मला करायला लावू नकोस."