क्रुसाकडे पाठ

वाडीतला मोगरा बाजाराला रवाना केला की निर्मळ गावची फ्लॉसी उरलेला दिवस उभ्यानेच काढायची. चर्चच्या सणाला गावातले लोक नाटक करत, तेव्हाही ती हॉलच्या मागे चहाच्या टोपाजवळ उभी असे. यंदा मात्र तिला आईचं काम मिळालं. नवऱ्याने, जेम्सने, एवढंच विचारलं, "मग चहा कोण करणार?"

नाटक बसवणारी एलिसा विरारच्या शाळेत शिकवायची. पहिल्याच तालमीला तिने खडूने जमीन आखली. "डावी-उजवी आपली धरायची, बघणाऱ्यांची नाही. विंगेतून आत येणं म्हणजे एन्ट्री, जाणं म्हणजे एक्झिट." मग गोष्टीची चाल सांगितली. आधी माणसं ओळखीची होतात, मग पेच पडतो, तो वाढत वाढत कळसाला जातो, शेवटी सुटतो.

"लग्न जमवण्यासारखंच की," फ्लॉसी म्हणाली. सगळे हसले.

तिचं अडलं ते नेमकं कळसाला. नाटकातला मुलगा कायमचा परदेशी निघालाय. आईने क्रुसासमोर प्रार्थना करून त्याला म्हणायचं, "जा बाबा, मी अडवत नाही." क्रूस मागच्या भिंतीवर, तोही कुणाच्या तरी घरचा, खरा. फ्लॉसी तिकडे वळली की बघणाऱ्यांना तिचा अंबाडा तेवढा दिसे.

"मावशी, तोंड लोकांकडे," एलिसा म्हणाली.

"आणि प्रार्थना करताना पाठ क्रुसाला?"

"हे नाटक आहे, देवाला माहीत आहे गं," मुलाचं काम करणारा मर्विन म्हणाला.

"देवाला असेल. माझ्या मानेला नाही."

पाचव्यांदा अंबाडा दिसल्यावर एलिसाने वही मिटली. "उद्याही हेच झालं तर हे काम प्रिस्काला द्यावं लागेल." रोज तालमी बघायला बसणाऱ्या प्रिस्काला फ्लॉसीची सगळी वाक्यं पाठ होती. प्रिस्काने मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी घरी रोझरीच्या प्रार्थनेत फ्लॉसीचं लक्ष लागेना. तिने कडेला पाहिलं. जेम्सचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, दिवसभराचा तिरसटपणा कुठल्या कुठे गेलेला. हा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता. ती कायम समोर क्रुसाकडे बघायची. हा चेहरा दिसत होता फक्त क्रुसाला.

दुसऱ्या दिवशी ती एलिसाला म्हणाली, "क्रूस लोकांच्या बाजूला आहे असं धरलं तर?"

"तिथे घराची भिंत कुठंय?"

"आहे म्हणायची. तू खडूच्या रेघेला दार म्हणतेस, ते आम्ही मानतोच ना?"

एलिसाने स्वतः जाऊन मागचा क्रूस उतरवला आणि समोर, रिकाम्या खुर्च्यांमागच्या भिंतीला नेऊन टांगला.

फ्लॉसी पुढे येऊन गुडघ्यावर बसली. प्रार्थना झाली. उठताना तिने मर्विनचा हात धरला आणि नजर समोरच ठेवून म्हणाली, "जा बाबा, मी अडवत नाही."

मर्विन तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला, हललाच नाही.

"एक्झिट, मर्विन," एलिसा हळूच म्हणाली.