तिसरा चिरूट

सुसानाने जन्मात कुणाची काडीसुद्धा उचलली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जो तो तिला चोर म्हणणार आहे.

खांडबाऱ्याच्या स्टेशनामागे चुनीलाल शेठचा चिरुटांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याचं एक लांबडं छप्पर! गुजरातेतून रेल्वेने तमाखूची पानं यायची आणि डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या बारा बायका दिवसभर पाटावर चिरूट वळत बसायच्या. सुसाना इथे आली तेव्हा परकर नेसत होती. आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. प्रार्थनाघरात जाण्याआधी ती राखेने हात घासायची, तरी बोटांचा तमाखूचा वास काही जायचा नाही.

चुनीलालच्या बापापासूनची रीत अशी, की दर बाईला रोज तीन चिरूट स्वतःच्या ओढण्यासाठी मिळायचे. मजुरीतलाच भाग होता तो, उपकार नव्हता. कुणी तिन्ही स्वतः ओढायची, कुणी एखादा नवऱ्याला द्यायची, कुणी स्टेशनावर देऊन त्याच्या मिरच्या घ्यायची. ज्याची वस्तू त्याची मर्जी. पण चुनीलालच्या पोटात दुखायला लागलं. फलाटावर कुणाच्याही तोंडात चिरूट दिसला, की त्याला वाटायचं हा आपल्याच कोठारातून गेला. मग त्याने संध्याकाळी दारात झडती सुरू केली. "ए बाई, हात वर. ए बाई, पदर झटक." एवढंच तो बोलायचा. अकरा वर्षं झडती चालली. सापडलं काय? एकदा दिवलीबाईच्या पदरात भाजलेला भुट्टा सापडला.

सापडत नाही म्हणजे नेत नाहीत, हे साध्या माणसाला कळतं. चुनीलालला उलटं कळलं. बाया हुशार आहेत, असं त्याने ठरवलं.

महायुद्ध संपल्यावर दोनेक वर्षांनी तो मुंबईला गेला आणि येताना एक अजब वस्तू घेऊन आला. तीन बारीक चिरूट एकमेकांभोवती वळून दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधलेले. दूरच्या क्युबा बेटावरचा माल होता म्हणे. दुकानदाराकडे वाकडा म्हणून पेटीभर पडून होता, कुणी साहेब हात लावीना, म्हणून त्याने एक फुकटच दिला. आणि वर गोष्ट सांगितली, की तिकडे कारागिरांना रोजचे तीन चिरूट असे ओले असतानाच पिळून देतात. वाळले की नागमोडी होतात. सरळ मालात मिसळता येत नाहीत, विकताही येत नाहीत.

चुनीलालचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी त्याने तो पीळ सगळ्यांसमोर धरला.

"आजपाईन तुमन्हा तीन चिरूट असाच. वाकडा चिरूट कोन लेवाव शे? सरळ चिरूट बाहेर दिसी गया, का मी समजसू चोरीना शे."

कामावरचे हात थांबले. सुसाना उठून उभी राहिली.

"शेठ, कोनी चोरी करी? नाव सांगा."

"नाव कसाले जोयजे? सगळ्या सारख्याच शेतस."

हे असं! चोरी सापडली नाही, चोर सापडला नाही, पण शिक्षा ठरली, आणि तीही बाराजणींना. त्या दिवसापासून बायका आपल्याच हाताने आपल्या अब्रूला पीळ घालू लागल्या. खांडबाऱ्यात त्या पिळाला लोकांनी तिपेडी म्हटलं, आणि टवाळखोरांनी चोराचा चिरूट. फलाटावर हमाल हसायचे. प्रार्थनाघरात दानाची थाळी फिरताना शेजारच्या बाईने ती सुसानाच्या हातात दिली नाही, तिच्या मांडीवरून परस्पर पुढे सरकवली. सुसानाचं रक्त उसळलं. गाणं चालू होतं म्हणून ती गप्प बसली, नाहीतर त्या बाईचं काही खरं नव्हतं.

दिवलीबाई आपल्या तिपेड्या रागाने चुलीत घालायची. सुसानालाही म्हणायची, "टाकी दे ना माय चुल्हामा. घरमा चोरीना डाग कसाले ठेवस?"

"टाकाव नही. मन्हा हातना माल शे, मन्ही मेहनत शे."

ओढायच्या नाहीत आणि जाळायच्याही नाहीत, असं तिने ठरवलं. रोजची तिपेडी ती घराच्या आढ्याला टांगून ठेवायची. जेवताना वर पाहायची आणि चुनीलालच्या नावाने दोन शब्द बोलायची. घास त्याशिवाय उतरायचा नाही.

तिचा भाऊ अब्राहाम तापीकाठच्या एका पाटलाकडे घोडे सांभाळायला होता. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला तो दरवर्षी जायचा. त्या वर्षी सुसानाही हट्टाने निघाली आणि आढ्यावरचं सगळं गाठोड्यात बांधून घेतलं. खांडबाऱ्यात नाही तर नाही, तिथे तरी कुणी माणूस असेल!

घोड्याचा सौदा तोंडाने होत नाही. कापडाखाली हात घालून बोटं दाबायची. बाजूच्याला भाव कळता कामा नये. मधला दलाल कधी घेणाऱ्याची बोटं धरतो, कधी देणाऱ्याची. भटू दलाल एका घोडीसाठी सकाळपासून असाच घाम गाळत होता. सौदा जुळला, कापड निघालं, आणि लगेच घेणारा म्हणाला, मी एवढं बोललोच नव्हतो. देणारा भडकला. कापडाखालच्या बोटांना साक्षीदार कुठून आणायचा?

सुसाना शेजारीच गाठोडं सोडून बसली होती. तिने एक तिपेडी भटूपुढे धरली. "भाऊ, तीन जन शेतस, तीन चिरूट शेतस. पहिले धूर काढा, मंग भांडा."

भटूने दोरे सोडले. तिन्ही चिरूट सुटे झाले, पण एकाचं वळण दुसऱ्याच्या वळणात बसेल असे वाळलेले. एका काडीवर तिघांनी पेटवले. घरच्या धुरात महिनोन् महिने टांगलेली ती तमाखू अशी मऊ लागली, की दोघं भांडण विसरून चिरुटाकडेच पाहू लागले. भटूने तेवढ्यात चारचौघांत ओरडून सांगितलं, "तिन्हीस्नी संगे पेटाडा! आते कोनी फिरानं नही!"

कुणी फिरलं नाही. संध्याकाळपर्यंत गाठोडं रिकामं झालं. पुढच्या यात्रेला दलाल तिची वाट बघत होते. दिवलीबाईने चुलीत घालणं बंद केलं, मग बाकीच्यांनीही, आणि सगळ्यांचा माल सुसानाच्या गाठोड्यातून जाऊ लागला. घेणारा, देणारा, दलाल. तिघांनी तिपेडी फोडून पेटवली की शब्द पक्का, एकानेही नाही पेटवली तर सौदा नाही. जी वस्तू बायकांना चोर ठरवायला काढली, तीच यात्रेत इमानाची खूण झाली. यात्रेतली माणसं शहाणी होती, एवढंच म्हणायचं.

ही बातमी चुनीलालच्या कानावर गेली. लाज वाटली असेल? छे! त्याने रंगीत पेट्या छापून आणल्या आणि बायकांना तिपेड्या वळायला बसवलं.

"आते हाऊ कारखानाना माल शे. तुमले सरळ चिरूट भेटतीन. पीळ कोनाजोडे सापडी गया, तं चोरी."

सुसाना पुन्हा उभी राहिली. "काल सरळ चिरूट लई गई तं चोर, आज वाकडा लई गई तं चोर. आम्ही चोर नहीत असा चिरूट कोनता, ते सांगा ना शेठ!"

चुनीलाल रंगीत पेट्या मोजायला लागला. तिने पाट उलटा ठेवला आणि ती निघाली. त्या दिवशीही दारात तिला पदर झटकायला लावलाच.

पुढे ती घरीच वळू लागली. अब्राहाम तापीकाठची पानं आणून द्यायचा. त्या साली यात्रेत चुनीलालचंही दुकान लागलं आणि त्याला टांग्यासाठी घोडी हवी होती. रनाळ्याच्या नवल पाटलाची पांढरी घोडी त्याच्या मनात भरली. भटूने कापड टाकलं, बोटं दाबली, सौदा जुळला. चुनीलालने ऐटीत आपली रंगीत पेटी पुढे केली. भटूने ती बाजूला सारली. यात्रेत तिपेडी एकाच गाठोड्यातली, हे त्याचं ठरलेलं होतं. त्याने सुसानाला हाक मारली.

सुसाना आली. तिने दोरे स्वतः सोडले. एक चिरूट नवल पाटलाला दिला, एक भटूला. तिसरा हातातच ठेवला.

"शेठ, हाऊ तुमना शे. पन पहिले सांगा, आम्ही चोर शेतस का?"

भोवती माणसं जमली होती. चुनीलालने घोडीकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"नही बा. तू चोर नही. दे आते."

"मी एकली नही. बारा जनीस्ले चोर म्हनेल शे तुम्ही. एक एकनं नाव ल्या, आनि सांगा, चोर नही."

चुनीलालने तोंड उघडलं. "ती... ती उंच बाई..." मग दाराकडून शेवटची बसणारी म्हणाला, मग लंगडणारी. मग थांबला. वर्षानुवर्षं रोज ज्यांचे पदर झटकले, त्यांतल्या एकीचंही नाव त्याला येत नव्हतं. सुसानाचंसुद्धा त्याने घेतलं नाही, ते तिच्या आता ध्यानात आलं. तिने चिरूट पुढे धरूनच ठेवला. तिला खरंच ऐकायचं होतं.

नवल पाटलाने घोडीचा लगाम आपल्या हाताला गुंडाळून घेतला.

"दिवलीबाई," सुसाना म्हणाली, "रमीबाई, जमुनाबाई, फुलवंताबाई..." एकेक करत तिने सगळी नावं मोठ्याने घेतली, अगदी शेवटी आपलंही घेतलं. मग भटूच्या काडीवर तिने तो तिसरा चिरूट स्वतःच पेटवला.