यष्टींमागचा आवाज

परवा सामना सुरू होण्याआधी शालन टीव्हीवर खेळपट्टी दाखवत होती. बाकीचे निवेदक कमरेत वाकून मातीकडे बघतात. ही बोलता बोलता चक्क उकिडवी बसली, मातीवर तळवा टेकवला आणि गुडघ्याला हात न लावता उठली. इतका कडक इस्त्रीचा सूट घालून असं कोण बसतं? जन्मभर यष्टींमागे बसलेलं माणूसच.

आमच्या क्लबची ती यष्टिरक्षक. मी पहिल्या स्लिपमध्ये तिच्या शेजारीच उभी असायची. तिचं तोंड क्षणभर मिटत नसे. गोलंदाजाला धीर देई, फलंदाजाला डिवचे, मधूनच मला विचारी, "जागी आहेस ना गं?" मैदान आमच्या घरामागेच होतं. आई गॅलरीतून म्हणायची, "त्या पोरीला हळू बोल म्हणावं. मुलीच्या जातीला शोभतं का?"

शालन देशाकडून खेळली, निवृत्त झाली. हातमोजे कपाटात गेले. आवाज मात्र तिच्याबरोबर बाहेर पडला. ज्या गोष्टीपायी आपण बोलणी खातो, तीच कधीकधी आपल्याला पुढे नेते.

"चेंडू खाली राहील," परवा खेळपट्टी बघून उठल्यावर शालन म्हणाली. शेजारचा निवेदक, एक माजी कर्णधार, लहान मुलाची समजूत काढावी तसा हसला. दुसऱ्याच षटकात एक चेंडू घोट्याखालून सरपटत गेला आणि सलामीवीराची मधली यष्टी उडाली. कर्णधार समोरचे कागद चाळू लागला. शालन मात्र बोलतच होती.

सोफ्यावरून आई म्हणाली, "आवाज वाढव गं. ती काय सांगतेय, नीट ऐकू दे."