कोणत्या गावात कोण गेलं

बाईंची तेरवी झाल्यावर मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. बाई म्हणजे माझी थोरली नणंद. पेटीत दोन लुगडी होती, तंबाखूची डबी होती आणि तळाशी धुतलेल्या फडक्यात बांधलेलं रेडिओचं लायसन होतं. त्या पुस्तिकेत चार घड्या घातलेला एक कागद होता. उघडायच्या आधीच तो कोणता ते मला कळलं. कार्बनची निळी शाई मागच्या बाजूला उमटली होती आणि अक्षर माझं होतं.

शाळेत निबंध लिहायला देताना मी मुलांना सांगते, सुरुवात सोपी करा. मला इथे सोपी सुरुवात सुचत नाही, म्हणून लायसनपासून सांगते.

दोन-चार वर्षांपूर्वीपर्यंत घरात रेडिओ ठेवायला परवानगी लागायची. पोस्टात नाव नोंदवलं की एक छोटी पुस्तिका मिळे, आणि दरवर्षी ती पोस्टात नेऊन तिच्यावर तिकीट लावून आणावं लागे. बाईंचे यजमान नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीवर कामाला होते. रेडिओ त्यांनीच घेतलेला. ते गेले आणि बाई एकोडीला भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. साकोलीपर्यंत एस.टी.त त्यांनी तो रेडिओ मांडीवर धरून आणला होता, पदर गुंडाळून, तान्ह्या लेकराला थंडीतून आणावं तसा.

लायसन त्यांच्या नावावर करायचं तर सही लागणार होती. अंगठा चालला असता, पण मी नवी शिक्षिका, मला ते पटेना. पाटीवर मी त्यांना नाव गिरवायला शिकवलं. "दाबून लिहा बाई, घाबरू नका," असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना सही जमली. शेत भावाच्या नावावर, रेशनकार्ड भावाच्या नावावर. सरकारी कागदावर बाईंचं नाव असं तेवढ्या पुस्तिकेत होतं. ती त्या पाहुण्यांना दाखवायच्या. "माह्या नावाचं लायसन हाय. सरकारले मी मालूम हावो," असं म्हणायच्या.

मी शाळेत गेले की माझी मुलगी त्यांच्याजवळ असे आणि रेडिओ चालू असे. बातम्या, शेतीचे सल्ले, गाणी, सगळं त्या ऐकत आणि मधूनच रेडिओला विचारत, "अरे बावा, तू कोणासंग बोलून राह्यला? माह्यासंग त नाही." मला हसू यायचं. एकदा मी त्यांना समजावलंसुद्धा की रेडिओची भाषा शुद्ध असते, कान देऊन ऐकत गेलात तर तुम्हालाही येईल.

त्यांची धाकटी बहीणही नाकाडोंगरीलाच दिलेली होती. दोघी सोळा-सतरा वर्षं एकाच गावात नांदल्या, तिची बाळंतपणं बाईंनीच केली. ती बहीण गेली तेव्हा आमच्याकडे भाताची रोवणी चालू होती. पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं, कारण गावात पत्रं वाचायला माझ्याकडेच यायची. मी तशीच शेताच्या धुऱ्यावर गेले. बाई बांधीत होत्या, गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी?"

"सोमवारी."

"आज कोन वार हाय?"

"शनिवार."

त्या म्हणाल्या, "सोमवारी त मी गानं म्हनून राह्यली होती." आणि हातातली जुडी संपेपर्यंत रोपं लावत राहिल्या. त्यानंतर घरी कोणी त्यांना गाणं म्हण म्हटलं की त्या आधी वार विचारायच्या.

पुढच्या वर्षी रेडिओचं सर्वेक्षण आलं. जनगणना असो, मतदारयादी असो, जनावरांची मोजणी असो, ते काम शिक्षकांकडे येतं, तसंच हेही आलं. साकोलीला आम्हाला बोलावलं होतं. रेडिओ केंद्राकडून आलेले साहेब तरुण होते आणि फार स्वच्छ बोलत होते. त्यांनी सांगितलं ते मला जवळपास शब्दशः आठवतं. मोठं केंद्र सगळ्यांसाठी बोलतं. आता ठिकठिकाणी लहान केंद्रं काढायचा विचार चालला आहे. कोणत्या भागाला केंद्र मंजूर करायचं हे ठरवताना वरचे लोक पाहतील, की या भागाची बोली वेगळी आहे का, गरजा वेगळ्या आहेत का, इथल्या लोकांना असं काही ऐकायचं आहे का जे मोठ्या केंद्रावरून मिळत नाही. हे कागदावर दिसलं तरच विचार होईल. शेवटी ते म्हणाले, "लोक बोलतील तसं लिहा. तुम्ही सुधारू नका."

सगळे हसले. मीही हसले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आठवड्याने शाळेच्या व्हरांड्यात मी टेबल मांडून बसले. लायसनवाल्या प्रत्येक घराचा एक फॉर्म, कार्बन लावून. वरची प्रत साकोलीला जाणार, खालची त्या घरी. लोक हौसेने आले. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मास्तरीनबाई, माह्या घरवालीची कटकट ऐकू येनार नाही असं टेशन लिवा." मागून त्यांच्या घरवालीनेच उत्तर दिलं, "याच्या घोरन्याचंबी एक टेशन काढा म्हना, दिल्लीवरी ऐकू जाईन." एकाला शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलजोड्यांचा निकाल हवा होता. एकाला दंडारीची गाणी-सोंगं हवी होती, आपल्या गावची, आपल्या लोकांची. एकाला तलावाचं पाणी कोणत्या दिवशी सोडणार ते कळायला हवं होतं. मी मान हलवत होते आणि प्रत्येक फॉर्मवर लिहीत होते : भाषा मराठी; आवड कृषीविषयक कार्यक्रम व भक्तिगीते. चार-पाच फॉर्म झाल्यावर हात आपोआपच चालू लागला.

बाई सगळ्यांत शेवटी आल्या. घरातल्याच होत्या, घरी विचारलं असतं तरी चाललं असतं. पण त्या धुतलेलं लुगडं नेसून, लायसन फडक्यात बांधून, रांगेत उभ्या राहून आल्या.

मी विचारलं, "घरात बोलली जाणारी भाषा?"

"आपली."

"आपली म्हणजे कोणती?"

"आता तुले काय सांगू माय. जे तू बोलत नाहीस थे."

व्हरांड्यातले लोक हसले. माझे कान तापले. मी पुढचा प्रश्न विचारला, रेडिओवर काय ऐकायला आवडेल?

"गानं-बिनं या लोकायले इचार. मले एकच पायजे." त्या टेबलाजवळ वाकल्या. "रोज सकाळी सांगावं, कोण्या गावात कोण गेलं. नाव, गाव, अन् माती कधी हाय थे. आपल्या बोलीत सांगावं, म्हंजे बांधीत उभ्या असलेल्या बाईलेबी समजन. मंग थे निंगू शकते. तोंड पाहू शकते."

मी म्हणाले, "बाई, रेडिओवर कुणी मोठा माणूस गेला तर सांगतात. मंत्री वगैरे."

"मंत्र्याच्या मातीले मले कुठं जायाचं हाय वैनी?"

पुन्हा सगळे हसले. या वेळी बाई हसल्या नाहीत. लायसनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "लिव. माह्यं लायसन हाय. मले इचारलं हाय त माह्यं लिव."

मी मान खाली घातली आणि लिहिलं. भाषा : मराठी. आवड : कृषीविषयक कार्यक्रम व भक्तिगीते. विशेष सूचना : निरंक.

असं का केलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. खालची सही शिक्षिका म्हणून माझी असणार होती. ते स्वच्छ बोलणारे साहेब वाचतील आणि म्हणतील, एकोडीच्या बाईंनी मरणाच्या बातम्या मागितल्या, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. शिवाय भाषेच्या रकान्यात काय लिहिणार होते? जे बोलणं मी इतकी वर्षं मुलांच्या वह्यांत लाल पेन्सिलीने खोडत आले, त्याला स्वतःच्या हाताने नाव द्यायचं? माझं माहेर भंडाऱ्याच्या विणकरांच्या वस्तीतलं. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी "मले पानी पायजे" म्हणाले आणि मुलींनी महिनाभर मला त्याच वाक्याने हाक मारली. त्या महिन्यात मी ते बोलणं टाकलं ते टाकलंच. आईशीसुद्धा पुन्हा तसं बोलले नाही.

ही कारणं खरी आहेत. पण त्यानंतर जे केलं, त्याला यातलं एकही लागू पडत नाही.

बाई म्हणाल्या, "वाचून दाखव बरं."

मी कागद हातात धरला आणि वाचलं : "घरात आमची इकडची बोली बोलली जाते. रोज सकाळी कोणत्या गावात कोण वारलं, नाव, गाव आणि अंत्यसंस्काराची वेळ आमच्या बोलीत सांगावी." कुठेही न अडखळता वाचलं. वर्गात धडा वाचावा तसं. बाई एकेका शब्दाला मान हलवत होत्या. मग त्यांनी पेन घेतलं आणि मी शिकवली होती तशी, दाबून, सावकाश सही केली. मी त्यांना खालची प्रत फाडून दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मला भीती वाटली नाही. घरातले दुसरे वाचणारे म्हणजे माझे यजमान, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी माझ्या शाळेच्या कागदांना कधी हात लावला नव्हता.

आमच्याकडे केंद्र आलं नाही. दुसरीकडे कुठे तरी झालं असं ऐकलं. माझ्या फॉर्मांमुळे आलं नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. एका गावाच्या कागदांनी काय होणार होतं, हे मी मनाला कितीदा तरी सांगितलं आहे. गावातले लोक वर्ष-दोन वर्षं मला विचारत राहिले, "काहून जी बाई, आपलं टेशन कुठं अडकलं?" एकट्या बाईंनी कधीच विचारलं नाही. त्या विसरल्या, असं मी समजले. मला बरं वाटलं होतं.

या पौषात बाई दोन दिवसांच्या तापाने गेल्या. सकाळी गेल्या. नाकाडोंगरीला त्यांच्या बहिणीच्या दोन मुली असतात, त्यांना कळवायला एका माणसाला पहिल्या बसने पाठवलं. साकोली, भंडारा, तुमसर, अशा गाड्या बदलत तो संध्याकाळी पोचला. माती त्याआधीच झाली होती. दिवस मावळायच्या आत करायची म्हणून जाणत्यांनी घाई केली, आणि त्यांचं काही चुकलं असंही नाही.

मुली दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. थोरली दारातच थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामी, तुमच्या घरी रेडू हाय, शाळा हाय, एवढी पुस्तकं हाय. अन् आमाले खबर मानसाच्या पायानं? मायचं तोंड मावशीनं नाही पाह्यलं, मावशीचं आमी नाही पाह्यलं." तिच्या मामांनी तिला आत नेलं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तिथेच उभी राहिले.

आणि तेरवीनंतर तो कागद सापडला.

मी तो यजमानांपुढे ठेवला. ते ओसरीवर सुतळी वळत होते. त्यांनी एकदा पाहिला आणि पुन्हा सुतळीकडे वळले. मला वाटलं ओळखला नाही.

"हा बाईंचा रेडिओचा फॉर्म," मी म्हणाले.

"मालूम हाय. मीच त वाचून देल्ला होता तिले."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू शाळेतून याची होतीस. बाई आली अन् म्हणे, पुन्हा एकदा वाचून दाखव, मले ऐकाचं हाय. खुशीत होती."

मी विचारलं, "काय वाचलंत?"

"जे लिवलं होतं थे. मंग म्हणे, निरंक म्हंजे काय? मी सांगतलं, म्हंजे काही नाही."

सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली होती. बाई त्यावर काय म्हणाल्या, ते मी विचारलं.

"काही नाही. कागद घडी करून ठेवला. म्हणे, वैनीचं अक्षर लय साजरं हाय. अन् तिले सांगू नोको म्हणे, तिले लाज वाटन."

म्हणजे एवढी वर्षं घरात हे दोघांना माहीत होतं. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर टाकून मी शाळेत जात होते, शुद्धलेखन शिकवत होते, आणि परत आले की बाई मला चहा देत होत्या.

कागद मी पुन्हा लायसनमध्ये ठेवला आहे. कार्बनच्या प्रतीत माझं अक्षर आता फिकट झालं आहे, "निरंक" तर नीट दिसतही नाही. बाईंची सही मात्र स्पष्ट आहे. पेन दाबून धरायला मीच शिकवलं होतं.